लोणारचा दैत्य आणि सृष्टीचे सहा दिवस

मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत असे काहीच दिसत नाही की ज्यावरून पुढे काय आहे याची अटकळ बांधता यावी. कपाशीची आणि तुरीची शेते, मधूनच एखादे बाभळीचे बन, काळी जमीन आणि तिच्याखाली सर्वत्र पसरलेला तो काळा पाषाण, असा बुलढाणा जिल्ह्याच्या पठाराचा नित्याचा देखावा डोळ्यांपुढून सरकत राहतो, आणि लोणार गाव ओलांडून थोडे पुढे गेले की जमीन एकाएकी पायाखालून तुटते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार, दीडशे मीटरांच्या आसपास खोल असे ते विवर आहे. त्याच्या काठाची कड भोवतालच्या जमिनीहून किंचित उचललेली आहे, आणि तळाशी हिरवट, खारट, उग्र वासाचे पाणी साचलेले आहे, ज्याला बाहेर पडावयास वाट नाही. पठारावर असे दुसरे काही नसल्यामुळे, हे कोणी केले आणि कसे केले हा प्रश्न येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात उभा राहतो, आणि त्या प्रश्नाला गेल्या काही शतकांत निरनिराळ्या लोकांनी जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास हा विवराच्या इतिहासाइतकाच अभ्यसनीय आहे असे मला वाटते.

सर्वांत जुने उत्तर पुराणाच्या नावाने सांगितले जाते. लवणासुर, किंवा लोकांच्या तोंडचा लोणासुर, हा दैत्य (मथुरेचा लवण, ज्याचा शत्रुघ्नाने वध केला, तो निराळा) जमिनीच्या पोटात गुहा करून राहत असे आणि तेथून बाहेर पडून प्रजेला पीडा देत असे. गुहेच्या तोंडावर त्याने असे झाकण बसविले होते की ती कोणाला सापडू नये. देवांच्या विनवणीवरून विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना वश करून गुहेचा ठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवून दिले आणि निद्रिस्त दैत्याला गाठून त्याचा वध केला. उडालेले झाकण नैर्ऋत्येस सुमारे ३६ मैलांवर, इंग्रजी अमलातील गॅझेटियरात धातेफळ असे नाव दिलेल्या गावाजवळ जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. गुहा उघडी पडली ती हे विवर, दैत्याचे रक्त ते हे पाणी आणि त्याचे मांस तो हा क्षार. गावातील दैत्यसूदनाच्या हेमाडपंती मंदिरात विष्णूची मूर्ती दैत्याला पायाखाली घेऊन उभी आहे, आणि काठावरच्या धारेचे अखंड वाहणारे गोडे पाणी अंगावर घेऊन मग यात्रेकरू तिच्या दर्शनाला जातात.

या कथेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती केवळ खड्ड्याचा उगम सांगून थांबत नाही. पाणी खारट का, काठावर क्षार का साचतो, आणि खड्ड्यातली माती गेली कोठे, या तिन्ही शंकांना ती एकाच दमात उत्तर देते. शेवटची शंका तर मोठी मार्मिक आहे. एवढा खड्डा झाला तर त्यातले द्रव्य कोठेतरी पडले असले पाहिजे, हा विचार ज्याला सुचला तो माणूस डोळसपणे पाहणारा होता, आणि त्याने झाकणाची टेकडी शोधून काढली.

अकबराच्या काळी वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात आल्यावर अबुल फज़लने आईन-ए-अकबरीत या सुभ्याची माहिती नोंदविली, तेव्हा मेहकर सरकारातील लोणारचीही दखल घेतली. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, गया तीन असून ब्रह्मगया बिहारात, रुद्रगया विजापुराजवळ आणि विष्णुगया येथे, अशी त्याची नोंद आहे. आणि त्याच नोंदीत, उंच टेकड्यांनी वेढलेल्या एक कोस लांबीरुंदीच्या तळ्याचे पाणी खारे असले तरी मध्यावर व कडेला ते गोड लागते, या तळ्यातून काच आणि साबण करण्याचे द्रव्य निघते आणि त्याचा महसूल चांगला येतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. पितरांचे श्राद्ध आणि सरकारचा महसूल एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसले आहेत, आणि त्यांत कोणाला काही विसंगत वाटलेले नाही. पुढे निजामाच्या व इंग्रजांच्या अमलातही तळ्याचा क्षार हा उत्पन्नाचाच विषय राहिला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कमरेइतक्या चिखलात उतरून मजूर क्षाराचे थर काढीत. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची जातवारी असे, आणि रंगारी, साबणवाले, बांगड्यांची काच करणारे आणि पापडखार विकणारे यांच्याकडे तो माल जाई. ज्या मजुराच्या पायाला त्या चिखलाने चरे पडत, त्याला तो दैत्याचे मांस आहे हे सांगितलेले होते, आणि दल्ल्याचा भावही ठाऊक होता. कमळजादेवीच्या देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीचे पाणी एका अंगाने खारे व एका अंगाने गोडे आहे असे लोक सांगतात. त्यातही कथा आणि चव यांची अशीच सांगड आहे.

मग ही कथा त्या लोकांना अक्षरशः खरी वाटत होती की रूपक म्हणून? माझ्या मते हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. स्थलमाहात्म्य हा ग्रंथप्रकारच असा आहे की तो ऐकणाऱ्याला स्नान, दान आणि श्राद्ध यांकडे नेतो. तेथे ग्वाही मागितली जात नाही. परंतु त्यावरून आपल्याकडे शब्दार्थ आणि लक्ष्यार्थ यांचा झगडा कधी झालाच नाही असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. पृथ्वीला कोणाचा तरी आधार असला पाहिजे असे मानले तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, अशी अनवस्था ओढवते, म्हणून पृथ्वी स्वशक्तीनेच आकाशात राहते असे भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीत प्रतिपादिले, आणि त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा १२०७ चा शिलालेख बुलढाण्याच्या शेजारी, खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. शेषाच्या मस्तकावरची पृथ्वी आणि सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायातली पृथ्वी यांचा विरोध आहे की अविरोध, याचा खल ज्योतिषी आणि पौराणिक यांच्यात त्यानंतर शतकानुशतके चालला.

एकोणिसाव्या शतकात त्या खलाला न्यायालयाची कळा आली. जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईस आला, १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद झाला, दांडेकरांनी हिंदुधर्मस्थापना लिहिली आणि विल्सनने त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. या काळच्या धर्मप्रचारकांच्या लेखनात पुराणांतील भूगोल हे एक हुकमी शस्त्र होते: उसाच्या रसाचा समुद्र दाखवा, तुपाचा समुद्र दाखवा, आणि दाखविता येत नसेल तर ग्रंथ खोटा म्हणून कबूल करा. सिहोरला इंग्रजांचा राजकीय एजंट असलेल्या विल्किन्सनने याहून शहाणी वाट धरली. त्याच्या प्रेरणेने सुबाजी बापू यांनी १८३६ साली मराठीत सिद्धांतशिरोमणिप्रकाश लिहून, पुराणांचा भूगोल आपल्याच ज्योतिषाला मान्य नाही हे स्वदेशी प्रमाणांनी दाखविले, आणि लगेच १८३७ साली यज्ञेश्वर यांनी अविरोधप्रकाश लिहून दोन्ही शास्त्रांत विरोध नाही असा प्रतिपक्ष उभा केला. मराठी गद्य पुरते उभे राहण्यापूर्वीच त्याने हा वाद हाती घेतला होता, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता ज्या ग्रंथाच्या बळावर पुराणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात होते, त्या ग्रंथाची त्याच सुमारास स्वतःच्या घरी काय अवस्था होती ते पाहावे. बायबलच्या पहिल्याच अध्यायात ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी केली, पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी सूर्यचंद्र आणि सहाव्या दिवशी मनुष्य, असा क्रम आहे. आणि आयर्लंडातील आर्चबिशप अशर याने सतराव्या शतकाच्या मध्यास वंशावळ्यांचा हिशेब मांडून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरविला होता, तो सन कितीएक छापील बायबलांच्या समासात विराजमान झाला होता. परंतु खडक फोडणाऱ्या भूवैज्ञानिकांना सहा हजार वर्षे कोठेच पुरेनात. तेव्हा स्कॉटलंडातील थॉमस चामर्स याने १८१४ सालीच अशी तोड काढली की पहिल्या वचनात सांगितलेली निर्मिती आणि पुढचे सहा दिवस यांच्यामध्ये वाटेल तेवढा काळ लोटला असे मानावे. आणि ह्यू मिलर याने, १८५७ साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, दिवस म्हणजे एकेक युग असून ती युगे मोशेला दृश्यरूपाने दाखविली गेली असे प्रतिपादिले. हे दोघेही १८४३ साली फुटून निघालेल्या फ्री चर्चचे आधारस्तंभ होते, आणि विल्सनही त्याच चर्चला मिळाला.

याच फ्री चर्चचा एक माणूस आपल्या विदर्भात आला, आणि त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आला. शाळा काढली, गोंडांच्या भाषेचा व गीतांचा संग्रह केला, आणि रिकामा वेळ मिळाला की हातोडा घेऊन तो टेकड्यांवर जाई. सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह १८५१ पासून नागपूरच्या आसपास त्याने जे शोधून काढले ते असे: काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये मातकट दगडाचा एक पातळ पट्टा असतो, तो फोडला की त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे नखाएवढे शंख, माशांचे खवले, वनस्पतींची फळे आणि बिया दगड होऊन बसलेल्या सापडतात. आपल्याकडे विहीर खणणाराला मांजऱ्या दगडाच्या खाली अकस्मात निराळी माती लागते हा अनुभव नवा नाही. परंतु त्या शंखांकडे हिस्लॉपने डोळसपणे पाहिले, आणि त्यांचा पुढे ठरलेला अर्थ असा. लाव्हारस वाहिला, थंड झाला, त्यावर तळे साचले, तळ्यात गोगलगाई पिढ्यान्‌पिढ्या जगल्या, काठी झाडे वाढली, आणि मग पुन्हा लाव्हारसाने ते सर्व झाकून टाकले. आणि असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. हिस्लॉप व हंटर यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली छापला गेला, आणि त्यातील थरांची कालगणना अशरच्या हिशेबात कोणत्याही उपायाने बसणारी नव्हती. रविवारी उपदेश करणारा आणि सोमवारी ते शंख जपून कागदात गुंडाळणारा हा माणूस एकच होता, आणि त्याने दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे अपुरे राहिलेले लेखन रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ साली प्रसिद्ध केले.

चामर्स आणि मिलर यांनी केले ते पळवाट म्हणून केले असे मी म्हणणार नाही. सूर्य चौथ्या दिवशी झाला तर आधीचे तीन दिवस कशाने मोजले, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेनने आणि पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने, कोणत्याही भूवैज्ञानिकाने भाग पाडल्यावाचून, स्वतःहून विचारला होता. ख्रिस्ती परंपरेत लाक्षणिक अर्थ हा शब्दार्थाइतकाच जुना आहे. आणि गोव्यात राहून फादर स्टीफन्सने जेव्हा तीच उत्पत्ती मराठी ओव्यांत सांगितली आणि १६१६ साली तो ग्रंथ छापला, तेव्हा क्रिस्तपुराण या नावाने तो लोकांत रूढ झाला, म्हणजे पुराण हा साचा सृष्टिकथेला योग्य आहे असे एका मिशनऱ्यालाच वाटले होते. मला दुःख होते ते इतकेच की जी सवलत आपल्या सहा दिवसांना दिली ती तुपाच्या समुद्राला देण्याची उदारता पुढच्या काळच्या वादकांना झाली नाही.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या हवाली झाल्यावर येथे जे अधिकारी आले त्यांत आल्फ्रेड लायल हा असाधारण बुद्धीचा होता. पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर असताना त्याने १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले, आणि याच प्रांतातील देवदेवतांच्या निरीक्षणावरून लिहिलेले त्याचे निबंध पुढे १८८२ साली ग्रंथरूपाने निघाले. ऑक्सफर्डात बसून माक्स म्युल्लर सांगत होता की दैत्यदेवांच्या कथा म्हणजे सूर्य, उषा आणि मेघ यांची रूपके होत. लायल म्हणत होता की वऱ्हाडात येऊन पाहा, येथे काल मेलेला साधू, डाकू किंवा शूर माणूस आमच्या डोळ्यांदेखत देव होतो आहे, तेव्हा कथेच्या मुळाशी मेघापेक्षा माणूस शोधणे बरे. याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी गुलामगिरीत ब्रह्म्याच्या मुखापासून व पायापासून माणसे झाली या सृष्टिकथेची धोंडिबाबरोबरच्या संवादातून कठोर तपासणी केली, आणि अवतारकथांच्या आड जिंकणाऱ्यांनी जिंकलेल्यांचा इतिहास दडविला आहे असे निर्भयपणे मांडले. फुल्यांच्या रीतीने पाहिले तर लोणासुर हा मिठाच्या तळ्याचा कोणी मूळ धनी असावा आणि त्याला दैत्य ठरवून त्याच्या ठेवीवर मंदिर उभे राहिले असावे. याला पुरावा नाही. पण चिखलात उतरून क्षार काढणारा कोण आणि त्याचे उत्पन्न घेणारा कोण, हा प्रश्न कथेपुढे ठेवण्याचा अधिकार त्यांनी आपल्याला मिळवून दिला, आणि तो मी फार मोलाचा मानतो.

भूवैज्ञानिकांची कथाही याहून सरळ नाही. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली, १८४० च्या सुमारास माल्कमसनने आणि १८७० च्या सुमारास ब्लॅनफर्डने त्याचा विचार केला, १९१२ साली ला टूश व ख्रिस्टी यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. आणि पठार सारे ज्वालामुखीच्या रसाचे असल्यामुळे हे विवरही भूगर्भातल्या वायूच्या किंवा वाफेच्या स्फोटाने अथवा खचण्याने झाले, असाच त्यांचा कल राहिला. अमेरिकेतील गिल्बर्टने १८९६ साली अॅरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला, आणि तेही वाफेच्या स्फोटाच्याच बाजूने. आकाशातून काही पडून एवढा उत्पात होतो ही कल्पना त्या पिढीतल्या बहुतेकांना पुराणातली वाटत होती. सृष्टीत आज जे मंदगतीने चालले आहे तेच पूर्वीही चालत होते, हे त्यांचे सूत्र त्यांनी इतक्या काटेकोरपणे पाळले की ते जवळजवळ वचन होऊन बसले. १९६१ साली नंदी आणि देव यांनी उल्केचा पक्ष मांडला, १९६४ साली लाफाँ आणि डिएट्झ यांनी तो पुढे नेला, आणि १९७३ साली फ्रेडरिक्सन व त्याच्या भारतीय आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी, तळाशी सुमारे १०० मीटर साचलेल्या गाळाखालपर्यंत भोके पाडून काढलेल्या खडकात, केवळ प्रचंड आघातानेच होणारी काच दाखवून दिली. बेसाल्टच्या काळ्या पाषाणात आघाताने झालेले असे विवर पृथ्वीवर अतिशय दुर्मिळ असून चंद्रावरच्या विवरांशी त्याचे साम्य आहे, म्हणून चांद्रशिला हाती आलेल्या त्या वर्षांत लोणारला जगाच्या विद्वत्सभेत मान मिळाला.

या शोधानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. लोणासुर म्हणजे उल्का, अंगठ्याचा प्रहार म्हणजे आघात, आणि आमच्या ऋषींना हे सर्व ठाऊक होते, असे सांगणारे लोक भेटू लागले. त्यांच्या स्थलप्रेमाविषयी मला आदर आहे. परंतु हा मार्ग चामर्स आणि मिलर यांचाच आहे, आणि त्याचा धोका लोणारइतका स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसत नाही. कथा नीट ऐकावी. तीत आकाशातून काही पडत नाही. जे होते ते जमिनीच्या पोटात होते, आणि झाकण वर उडून दूर जाऊन पडले. म्हणजे रूपक जुळवावयाचेच म्हटले तर ती कथा ब्लॅनफर्डच्या स्फोटाला जशी चपखल बसली असती तशी फ्रेडरिक्सनच्या उल्केला बसत नाही. १९०० साली कोणी असा मेळ घातला असता तर पुराणात ज्वालामुखी सापडला असता, आणि १९७३ साली तो मागे घ्यावा लागला असता. अहवाल बदलला की अर्थ बदलावा लागतो, आणि अशा ओढाताणीत त्या बहिणी, ते श्राद्ध, तो क्षार आणि ती धातेफळची टेकडी, म्हणजे कथेचे सारे स्वत्व, बाजूला पडते.

शिवाय काळाचा प्रश्न आहे. १९९७ साली एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले, तर २०११ साली आर्गॉनच्या मोजणीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे ठरले. यांतला कोणताही आकडा घेतला तरी आघात पाहणाऱ्याची आठवण कोणत्याही भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचणे शक्य दिसत नाही. कथा ज्याने रचली त्याने आघात पाहिला नव्हता, विवर पाहिले होते. उचललेली कड, बंद पाणी, पांढरा क्षार आणि गोडी धार ही चार चिन्हे त्याच्यापुढे होती, आणि नेमकी हीच चिन्हे घेऊन अलेक्झांडरपासून फ्रेडरिक्सनपर्यंत सर्वांनी आपला विचार सुरू केला. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा गावात दैत्याच्या रक्ताची आठवण निघाली, आणि शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने नेऊन, पाणी आटून क्षार वाढल्यामुळे मिठात जगणारे सूक्ष्म जीव बळावले व त्यांच्या रंगाने पाणी रंगले, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत सरोवराचे नाव गेले. काठावर माहितीचे फलक लावणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एका फलकावर आघात, काच आणि वयाचे दोन्ही आकडे लिहावेत, आणि दुसऱ्यावर लोणासुराची कथा बहिणींसह, अंगठ्यासह आणि ३६ मैलांवरच्या झाकणासह पुरी लिहावी, व दोहोंच्या मध्ये 'म्हणजेच' हा शब्द घालू नये.